उसना चेहरा

“मावशी, अगं तू मेलीस,” मारिबेल म्हणाली. म्हणताना तिला हसू आलं, आणि ते पुरतं ओठांवर यायच्या आतच रडू कोसळलं.

एतेल्विनाचे हात कोपरापर्यंत पिठात होते. “मेले तर मेले. आधी तो ट्रे बाहेर काढ, पाव करपतायत.”

मारिबेलने ट्रे काढला नाही. तिने मोबाइल मावशीच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एतेल्विना ह्याच भट्टीसमोर उभी होती. डोक्यावर थोरल्या बहिणीची, म्हणजे मारिबेलच्या आईची, सोइलाची टोपी, अंगात सोइलाचा ॲप्रन, हातात पावांची टोपली आणि तोंडभर हसू. खाली नाव सोइलाचं. नावाखाली लिहिलं होतं की सोइला आता ह्या जगात नाही. आणि त्याखाली माणसंच माणसं, कुठकुठल्या देशांतली, ज्यांनी थोडे थोडे पैसे घालून ह्या भट्टीसाठी कर्ज दिलं होतं ती. मोबाइल त्यांची भाषा फिरवून देत होता आणि मारिबेल डोळे पुसत वाचत होती. ‘ह्या हसण्याने माझी सकाळ उजळायची.’ ‘माझ्या वर्गातल्या मुलांनी तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या.’ ‘देवाघरी सुखात राहा, लाडके.’

“लाडके!” एतेल्विना म्हणाली. “माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात कधी म्हटलं नाही मला.”

दोघी हसल्या. पण भट्टी रसरसत असताना एतेल्विनाच्या पाठीवरून काहीतरी गार सरकत गेलं. तिने वळून पाहिलं, दार बंद होतं.

ही सगळी करणी विल्मेरची. त्या डोंगरावरच्या गावात ज्याच्या काखेत फाइल तो इंजिनियर. विल्मेर शिकला होता हिशेब आणि पतपेढीत कर्जं बघायचा, पण त्यालाही सगळे इंजिनियरच म्हणत. पतपेढीच्या तिजोरीत खडखडाट. मग ती गावातल्या बायकांचे फोटो आणि त्यांच्या हकिकती इंटरनेटवर टाकायची आणि दूरदेशीची माणसं चेहरा बघून पैसे घालायची. सोइलाचा फोटो काढायला तो आला तेव्हा सोइला भट्टीसमोर अशी उभी राहिली, जसे काही पोलीस पंचनाम्याला आलेत.

“जरा हसा ना, ताई.”

“का? पाव विकायचेत की दात?”

तसाच फोटो गेला. कुणी फुटकी कवडी घातली नाही. विल्मेर डोकं खाजवत परत आला. “ताई, रागावू नका, पण तिकडच्या लोकांना हसरी माणसं लागतात. तुमच्याकडे बघून वाटतं, पैसे परत मागितले तर ही बाई मारेल.”

“मारीनच.”

शेवटी तोडगा सोइलानेच काढला. “त्या एतेल्विनाला उभी करा. ती बिनपगारी हसत असते.”

ते खरंच होतं. एतेल्विना मागच्या खोलीत शिवण करायची. कपड्याला माप घेताना हसायची, उधारी बुडाली तरी हसायची, नवरा पळून गेला तेव्हाही पहिल्यांदा तिला हसूच आलं होतं. तिने टोपी घातली, ॲप्रन बांधला, हसली, आणि कर्जाचे पैसे पाहता पाहता जमले. सोइला गावभर सांगत सुटली, “बहिणीचं हसू भाड्याने घेतलंय. भाडं पावात देते.” ते कर्ज फिटलं, दुसरं मिळालं, फोटो तोच राहिला. मग सप्टेंबरात सोइलाच्या छातीत पाणी झालं, आठवड्यात ती गेली आणि भट्टी मारिबेल आणि एतेल्विनाच्या अंगावर आली. कर्जदार वारली की तिकडे कळवायचं असा पतपेढीचा नियम, म्हणून विल्मेरने कळवलं. मरण नावाबरोबर चेहऱ्यालाही लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवातीला एतेल्विनाने ते हसण्यावारी नेलं. बसला हात केला, बस रिकामी असून तशीच पुढे गेली. “बसवाल्यांचं काय घेऊन बसलीस, ते बिशपसाठीसुद्धा थांबत नाहीत,” शेजारची दोरिस म्हणाली. बाजारात बटाटेवालीने तिच्या हातावरून हात नेऊन मागच्या बाईला बटाटे दिले. गर्दी होती म्हणा. पण मग दोरिसचा कुत्रा, जो तिच्या पायात घोटाळल्याशिवाय तिला दारातून जाऊ द्यायचा नाही, तो तिच्याकडे बघून मागे मागे सरकत कुंपणाला जाऊन चिकटला. दुकानात मेणाचा वास यायला लागला. मारिबेलला तो येत नव्हता. एके सकाळी एतेल्विनाने तापलेला ट्रे नुसत्या हातांनी उचलला आणि टेबलापर्यंत आणला, तेव्हा मारिबेल किंचाळली. तळव्यांवर फोड नव्हता. तळवे पांढरे आणि कोरडे होते, आणि तिला काहीच लागलं नव्हतं.

“दुखत नाहीये?” मारिबेलने विचारलं.

“नाही गं,” एतेल्विना म्हणाली आणि तिला धीर द्यायला हसायला गेली. गाल वर आलेच नाहीत. तिने भिंतीवरच्या आरशात पाहिलं. आरशातून सोइला बघत होती, पैसे मागितले तर मारीन अशी. एतेल्विना घाबरली. इतकी घाबरली की तिने पाठ फिरवून आरसा काढला आणि पिठाच्या पोत्यामागे ठेवून दिला.

ती क्लोतिल्दे आजीकडे गेली. आजी थडग्यांवर प्रार्थना म्हणायची, गावातल्या बहुतेक सगळ्या मेलेल्यांची तिला चांगली ओळख होती. तिने एतेल्विनाचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

“प्रार्थना पोचते कशी माहितेय ना? नावाने आणि तोंडाने. इथे नाव एकीचं, तोंड दुसरीचं. त्या बिचाऱ्यांना तुमच्या आडनावाचा उच्चारसुद्धा येत नसेल. ते तोंड बघून रडतायत. मग सगळं येतंय कुणाकडे? तुझ्याकडे, पोरी. ढिगाने येतंय.”

“आणि सोइलाला?”

“सोइलाला काय? देवाच्या दाराशी बसली असेल उपाशी.”

“मग मी करू काय, आजी?”

“तोंड परत माग. ती माणसं जोवर हे तोंड मेलं म्हणतायत तोवर ते मरतच राहणार. आणि लवकर माग. नोव्हेंबरातला पितरांचा दिवस जवळ आलाय, त्या दिवशी सगळे एकदम आठवण काढतात.”

पतपेढीत विल्मेरच्या टेबलासमोर ती बराच वेळ उभी राहिली. त्याने मान वर केली तेव्हा दचकला. “कधी आलात, ताई?”

“मगाशी. इंजिनियर, तो फोटो काढून टाका. तिथे सोइलाचा खरा फोटो लावा, रागावलेला. मरायचं ते तिच्या तोंडाने मरू दे तिला.”

विल्मेरने पेन खाली ठेवलं. “तो मी पुसून टाकला, ताई. फोनमध्ये जागा नव्हती.”

सोइलाचं तोंड दिसेल असा दुसरा फोटो जगात कुठेच नव्हता. लग्नात काढलेला होता, त्यातही तिने पदर ओढावा तशी शाल तोंडावर ओढली होती. एतेल्विनाला तिथेच रडायला यायला हवं होतं, पण डोळे कोरडेच राहिले. “बरं, मग निदान लिहा की हा फोटो तिचा नव्हे, बहिणीचा आहे आणि बहीण धडधाकट आहे.”

“असं लिहिलं तर काय होईल?” विल्मेरचा आवाज खाली आला. “ते म्हणतील, एक चेहरा खोटा तर बाकीचे कशावरून खरे? पतपेढीचं नावच काढून टाकतील तिथून. दोरिसचं विणायचं यंत्र अडकेल. ब्लांकाची विकायला पाळायची गिनीपिगं अडकतील. मारिबेलचा अर्ज ह्याच महिन्यात टाकलाय मी, कर्ज मिळालं नाही तर भट्टी बंद. मी काय वाईट माणूस आहे का, ताई? तेव्हा तुम्हीच हसलात ना?”

हसले खरी, तिला वाटलं. आणि ती निघाली.

संध्याकाळी दोरिस आणि ब्लांका बटाट्याचं सूप घेऊन आल्या. सूप घेऊन आल्या म्हणजे काहीतरी मागायला आल्या. “फोटोच तर आहे गं,” दोरिस म्हणाली. “त्याने काय अंगाला भोकं पडतात?” ब्लांका मात्र एतेल्विनाकडे बघतच नव्हती, तिच्या शेजारच्या भिंतीकडे बघून बोलत होती. मारिबेल ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून एकच भांडं घासत राहिली.

पितरांच्या दिवशी अख्खा गाव दफनभूमीत. थडगी धुतलेली, रंगवलेली, कागदी फुलांच्या माळा घातलेली. घराघरातून पावाच्या बाहुल्या आणि कोलादेची, मक्याच्या पिठाच्या आणि फळांच्या जांभळ्या दाट पेयाची, भांडी आलेली, मेल्यांनी आणि जित्यांनी एकत्र बसून खायचं. पोरं थडग्यांवर चढत होती आणि मार खात होती. एतेल्विनाने सोइलाच्या थडग्यावर चादर अंथरली, बाहुल्या मांडल्या, सोइलाला आवडायची तशी अननस घातलेली, दाट, वाफाळती कोलादा ठेवली. बायका येत होत्या, बाहुल्यांची देवाणघेवाण करत होत्या. मारिबेलला देत होत्या. एतेल्विनाने हात पुढे केलेला असायचा, तो तसाच राहायचा.

तेवढ्यात फाटकातून विल्मेर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर घाम. त्याच्यामागे एक उंच, पांढऱ्या केसांची परदेशी बाई. चढाने तिला धाप लागली होती आणि छातीशी तिने एक चौकट धरली होती.

“ह्या मार्गिटबाई,” विल्मेर सगळ्यांना म्हणाला. “शाळेत शिक्षिका होत्या. सोइलाताईंना पहिले पैसे ह्यांनीच दिले. मला न सांगताच आल्या हो, सकाळी पतपेढीच्या दारात उभ्या.” आणि त्याने एतेल्विनाकडे असं पाहिलं की कुणालाही त्याची दया यावी.

मार्गिटबाईंनी चौकट थडग्याला टेकून ठेवली. एवढा मोठा केलेला फोटो. हसणाऱ्या एतेल्विनाच्या गालावरची पिठाची रेघसुद्धा दिसत होती. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि रडायला लागल्या. खोटं खोटं नव्हे, एखादी आपल्या घरच्या माणसासाठी रडते तसं, नाक वाहेपर्यंत. कुणीतरी आपल्यासाठी एवढं रडेल, असं एतेल्विनाला कधी वाटलं नव्हतं. तिने पेला भरून त्यांच्या हातात दिला. बाई प्यायल्या, सावरल्या आणि विल्मेरला काहीतरी विचारलं.

“ह्या कोण, म्हणतायत. मी सांगितलं, सख्खी बहीण.”

मार्गिटबाई उठल्या, एतेल्विनाचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग चौकटीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

“काय म्हणाल्या?” एतेल्विनाने विचारलं.

“काही नाही, ताई.”

“काय म्हणाल्या ते सांगा, इंजिनियर.”

विल्मेर जमिनीकडे बघत बोलला. “सख्ख्या बहिणी वाटत नाहीत, म्हणाल्या. दोघींत काही म्हणजे काही सारखं नाही. तिच्या तोंडावर केवढा जीव होता, म्हणाल्या.”

ज्या बाईने रोज सकाळी उठून हा चेहरा पाहिला होता, ती हातभर अंतरावरून त्याच चेहऱ्याकडे बघत होती आणि तिला तो दिसत नव्हता. आता नाही बोलले तर संपलं, हे एतेल्विनाला कळलं. तिने चौकटीवर बोट ठेवलं आणि बाईंच्या डोळ्यांत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “ही मी आहे. फोटोत मी आहे, सोइला नव्हे. मी मेलेली नाही. बाईंना सांगा, त्यांच्या माणसांना म्हणावं मेणबत्त्या विझवा. मी अजून आहे.”

आजूबाजूच्या थडग्यांवरचं बोलणं थांबलं. तिची भाषा तिथे एक पाहुणी सोडली तर सगळ्यांना कळत होती. दोरिसने मान खाली घातली. ब्लांका पावाच्या बाहुलीचं डोकं मोडून तुकडे करत बसली. क्लोतिल्दे आजीचे ओठ हलायचे थांबले. एतेल्विनाने मारिबेलकडे पाहिलं. मारिबेलने तोंड उघडलं होतं. मग तिची नजर विल्मेरकडे गेली, तिथून आईच्या थडग्याकडे, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

मार्गिटबाई वाट बघत होत्या. विल्मेर घसा खाकरून त्यांच्याशी बोलला, दोन-चार शब्दच. बाईंचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी मान हलवली आणि रिकामा पेला दोन्ही हातांनी एतेल्विनापुढे धरला.

“काय सांगितलंत त्यांना?” एतेल्विनाने विचारलं.

“आणखी थोडं घेणार का, असं तुम्ही विचारताय म्हटलं,” विल्मेर म्हणाला. “माफ करा, ताई.”

पेला समोर होता. धरणारे हात म्हातारे होते. आलेल्या माणसाला रिकाम्या पेल्याने उभं ठेवायचं नसतं, एवढं एतेल्विना अजून विसरली नव्हती. तिने भांडं उचललं आणि पेला काठोकाठ भरला.