ठिपकीचा वेगळा टब

बालवाडीचं दार उघडलं की आधी ऐकू यायचं ते पाणी. खोलीच्या मधोमध एक बुटकं, लांबलचक टेबल होतं. त्यावर पाण्याचा मोठा टब, शेजारी ओल्या फडक्याखाली झाकलेली चिकणमाती आणि पलीकडे रंगीत बटणांचा ढीग. मुलं पेल्याने पाणी मोजायची, नरसाळं लावून बाटलीत भरायची, अर्धं सांडायची आणि सांडलेलं स्वतःच पुसायची. पाटी-पेन्सिलीला इथे अजून वेळ होता. "मूल हाताने जे करतं, ते जन्मात विसरत नाही," असं ताई येईल त्या पालकाला ऐकवायच्या. त्यांचा त्यावर विश्वास होता आणि थोडा अभिमानही होता.

मातीकामात सगळ्यांत पुढे होती ठिपकी. गालावरच्या तिळामुळे हे नाव पडलं होतं. तिचे वडील इस्पितळाच्या शवागारात कामाला होते. गेलेल्या माणसाला धुवायचं, पुसायचं, केस विंचरायचे, स्वच्छ कपडे घालून घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, हे त्यांचं काम. गावातला दुकानदार त्यांच्या हातात सामान देत नसे. फळीवर ठेवायचा आणि ते निघून गेल्यावर फळी पुसायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्यात कोणाला काही खटकेनासं झालं होतं.

त्या दिवशी ठिपकीने मातीचा एक माणूस केला आणि त्याला टेबलावर आडवा निजवला. मग ओलं फडकं बोटाला गुंडाळून ती त्याचं कपाळ पुसू लागली, कानामागे पुसू लागली. शेजारच्या भोपूने, ज्याच्या आवाजाने भिंती हलायच्या, आपला माणूस धसमुसळेपणाने टबात बुचकळला.

"हळू रे," ठिपकी म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही ना. दुखलं तर सांगणार कसं?"

भोपू चक्क गप्प झाला. हळूहळू सगळं टेबल गप्प झालं आणि प्रत्येक मूल आपापला मातीचा माणूस जपून पुसू लागलं. वर्षभरात इतकं सुंदर काम झालं नव्हतं, असं ताईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भोपूची आई दारात उभी. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिच्या शब्दाला गावात वजन होतं. मागे बाकीच्या आया होत्या.

"ताई, काल आमचा भोपू आंघोळीच्या वेळी फरशीवर डोळे मिटून पडला. म्हणतो, आई, मी मेलोय, मला हळू पुस. मी ओढून उभा केला त्याला!"

"अहो, मुलं जे बघतात ते खेळतात. उद्या डॉक्टर-डॉक्टर खेळतील."

"खेळू देत. पण ज्या मातीत त्या मुलीचे हात, त्याच मातीत आमच्या पोरांचे? तेच पाणी? तिचा बाप तिला हाताला धरून आणतो. कुठून येतो तो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"साबणाने हात धुऊन येतात ते."

"ते मला नका सांगू. एक तर ती, नाहीतर आमची पोरं. काय ते ठरवा."

हिची सासू वारली तेव्हा याच माणसाने म्हातारीला शेवटची आंघोळ घातली होती. म्हातारीचं तोंड बघून, "झोपल्यासारख्या दिसतात हो," म्हणत ही बाई त्याच्यासमोर ढसाढसा रडली होती. आता ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्याला जिथे गरज असते तिथे आपण हात बघत नाही, आणि गरज सरली की आपल्याला विटाळ आठवतो. याला धर्म म्हणा, स्वच्छता म्हणा, नाहीतर मुलांची काळजी म्हणा. आहे तो निर्लज्जपणाच.

ताईंना हे सगळं कळत होतं. पण मुलं गेली तर बालवाडी बंद पडणार, मग ठिपकी तरी कुठे जाणार, असा सोयीचा हिशोब त्यांनी मनाशी मांडला. त्यांनी खिडकीजवळ एक लहान स्टूल ठेवलं. त्यावर लाल टब, वेगळी माती, वेगळं फडकं.

"हे खास तुझं हं, ठिपके. थोडे दिवस."

"भोपू येणार माझ्याकडे?"

"नंतर येईल."

त्या दिवशी ठिपकीच्या मातीच्या माणसाचा हात तुटला. ताईंनी जाऊन तो जोडून दिला. वळून पाहतात तर भोपूची आई दारातून टक लावून बघत होती. ताई सरळ नळाकडे गेल्या आणि साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत चोळून त्यांनी हात धुतले. भोपूची आई समाधानाने निघून गेली. ठिपकी मात्र ताईंच्या हातांकडे बघत राहिली, आणि तिच्यामागे टेबलावरची सगळी मुलंही.

पुढच्या आठवड्यात ठिपकी यायची बंद झाली. निरोप नाही, भांडण नाही. खरं सांगायचं तर ताईंना आधी हायसंच वाटलं. त्यांनी स्टूल आवरलं नाही. आवरायला गेल्या की हात मागे यायचा. खोली रिकामी झाल्यावर खिडकीकडून पाण्याचा आवाज आल्यासारखा वाटायचा. ताई जाऊन बघायच्या, तर टब कोरडा ठणठणीत.

मग एके सकाळी मोकळ्या खेळाच्या वेळी त्यांच्या कानावर पडलं, "आज लाल टबाकडे कोण?"

मुलांनी एका मुलीला ढकललं. ती मुकाट्याने खिडकीजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने दुसरीने तिला मातीचा गोळा नेऊन दिला, लांबून, स्टुलाच्या कडेवर ठेवला आणि ती नळाकडे गेली. बाह्या वर केल्या, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत चोळून हात धुतले. पाठोपाठ बाकीच्यांनीही धुतले. कोणी हसत नव्हतं. खेळ अगदी शिस्तीत चालला होता.

ताईंचं तत्त्व खरं ठरलं होतं. मुलं हाताने शिकली होती.

"असं खेळायचं नाही," त्या ओरडल्या. मुलं घाबरून पांगली, आणि ताईंची पाठ वळली की खेळ पुन्हा सुरू. रोज नवं मूल. ठिपकी गेली होती, पण तिची जागा रिकामी राहायला तयार नव्हती.

एक दिवस पाळी भोपूची आली. घरी न्यायला आई आली तेव्हा तो लाल टबाशी भिंतीला पाठ लावून बसला होता. चड्डी ओली, गालावर आसवं, आणि तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेलेला.

"अरे, इथे का बसलास? सांगायचं नाही का कोणाला?"

"मी तिकडे गेलो तर सगळ्यांना हात धुवावे लागतील," तो पुटपुटला.

"कोणी बसवलं माझ्या पोराला इथे?" तिने बालवाडी डोक्यावर घेतली. "कोणी शिकवलं हे?"

बटणं निवडणारी एक चिमुरडी मान वर करून सहज म्हणाली, "ताईंनी."

भोपूच्या आईने ताईंकडे पाहिलं आणि ताईंनी तिच्याकडे. मग आईने पोराला कडेवर घेतलं आणि मान खाली घालून ती निघून गेली.

संध्याकाळी ताई इस्पितळामागच्या खोल्यांकडे गेल्या. ठिपकीच्या आईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. वडील मागे उभे होते.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "तिला उद्यापासून पाठवा. टेबल एकच असेल. सकाळी दारात उभी राहून मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. ज्यांना आपलं मूल न्यायचं असेल त्यांनी न्यावं."

"आणि सगळ्यांनीच नेलं तर?" आईने विचारलं.

"तर ठिपकीला एकटीला शिकवीन."

"एकटीलाच तर बसवलं होतं तुम्ही तिला."

ठिपकीचे वडील हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्याकडे येतात त्यांच्यापैकी कोणी हात मागे घेत नाही. जिवंत माणसांचं तेवढं मला जमत नाही. तुम्ही आधी सांगा सगळ्यांना. मग बघू."

"सांगते," ताई म्हणाल्या. तेवढ्यात आईच्या पदराआडून ठिपकी डोकावली. ताई तिथेच उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"ये गं, ठिपके."

ती एक पाऊल पुढे आली. मग तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, ताई," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आमच्याकडचा साबण संपलाय."