मी खोडलेले शेरे

मित्रांनो, मी एक खोडरबर आहे. जुना आहे असं म्हणायला हरकत नाही, पण जुनं म्हणवून घ्यायला निदान अंगात काही उरलेलं असावं लागतं. मी आता शर्टाच्या बटणाएवढा राहिलो आहे. आणि पहिलीच गोष्ट खरी सांगून टाकतो, मी भित्रा आहे. सगळे खोडरबर भित्रे असतात. आम्ही जेवढं काम करतो तेवढे कमी होतो, मग भिणार नाही तर काय करणार?

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या पट्टीतून झाला. यंत्राची पाती खाली आली आणि एका पट्टीचे आम्ही चाळीस भाऊ झालो. आम्हाला निळ्या कागदाचे अंगरखे घातले, डब्यात दाटीवाटीने बसवलं आणि डबा एका धुलाई कारखान्याच्या कचेरीत पोचला. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने येत आणि घड्या होऊन जात.

तिथे मी मास्तरांच्या वाट्याला आलो. मास्तर म्हणजे पहिल्या पाळीचे प्रमुख. शिकवत कुणालाच नव्हते, पण कानावर पेन्सिल खोचायची सवय होती म्हणून सगळे मास्तर म्हणत. ते मला शर्टाच्या डाव्या खिशात ठेवत. माझ्या पाठीला त्यांचं काळीज लागून असे. माणूस बाहेरून किती शांत दिसतो आणि आत किती धडधडत असतो, हे मला त्या खिशात कळलं.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. चादरींचा आकडा चुकला, खोड. रजेची तारीख चुकली, खोड. "डाग म्हणून राहत नाही याचा," असं मास्तर कौतुकाने म्हणत, आणि मी खिशात फुगून बसे.

मग वर्ष संपत आलं, आणि माझ्या फुगण्याला टाचणी लागली.

त्या कारखान्यात एक रीत होती. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाच्या नावाचा एक फॉर्म येई. त्यात मास्तरांनी त्या माणसाच्या कामाबद्दल शेरा लिहायचा, पण पेन्सिलीने. त्याला म्हणत कच्चा शेरा. मग सगळे फॉर्म मोठ्या साहेबांच्या खोलीत जात. साहेबांना जो शब्द पटला नाही, त्याच्याखाली ते बारीकसा ठिपका देत. मास्तर तो शब्द माझ्याकडून खोडून घेत आणि साहेब सांगतील तो पेनाने लिहीत. तो पक्का शेरा. फॉर्मावर खाडाखोड दिसू नये म्हणून ही सोय, असं सगळे म्हणत. खाडाखोड कुठे गेली ते मला विचारा. ती माझ्या अंगात आहे.

कुणी पुसलंच नाही म्हणून आजवर बोललो नाही. एका मशीनवाल्याच्या फॉर्मावरचा 'चिडका' मी खोडला, त्या जागी आलं 'कडक शिस्तीचा'. एका मशीनवालीच्या फॉर्मावरचा 'ठाम' खोडला, त्या जागी आलं 'हेकट'. एकीने डाग काढायची नवी पद्धत स्वतः शोधली होती. 'स्वतः' मी खोडला, तिथे आलं 'सहकाऱ्यांच्या मदतीने'. घड्या घालणाऱ्या एका पोरीच्या फॉर्मावर तर कोऱ्या जागेत एक नवीनच वाक्य आलं, 'चेहरा हसरा ठेवावा.' हे वाक्य मी कुठल्याही पुरुषाच्या फॉर्मावर पाहिलं नाही. आमच्याच पाळीतला लंबू तर कुणी घसरून पडलं तरच हसायचा.

खोडून झालं की मास्तर फुंकर मारत. शब्दांचा कीस जमिनीवर उडे आणि दुपारी केराबरोबर निघून जाई. मला थंडी वाजे, ती त्या फुंकरीची नव्हती.

आता जिच्यासाठी ही सगळी गोष्ट सांगायला बसलो, तिच्याकडे येतो. ती बॉयलर सांभाळायची. बॉयलर म्हणजे पाणी उकळून वाफ करणारं भलंमोठं लोखंडी पिंप. त्या वाफेवर अख्खा कारखाना चाले. बॉयलरची परीक्षा पास झालेली आमच्याकडे ती एकटीच बाई, म्हणून तिचं नाव पडलं वाफेवाली. तिची नणंद पलीकडच्या दालनात घड्या घाले. हसरा चेहरा ठेवायला सांगितलेली ती हीच. डबा खायला दोघी एकत्र बसत.

"वहिनी, घरी दूध उतू जातं तेव्हा कुठे असतं गं तुझं लक्ष?" नणंद म्हणायची.

"दुधाला काचनळी नसते," वाफेवाली म्हणायची. "बसव एक, मग बघ."

ही काचनळी समजून घ्या, मित्रांनो. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी लाल खुणेच्या खाली गेलं, तर ज्योत लगेच बंद करायची असते. नाही केली तर काय होतं, ते कुणी मोठ्याने बोलत नाही. भिंतीपलीकडे तीस बाया घड्या घालत असतात.

आदल्या वर्षी बॉयलरवर लंबू असताना त्याला नळीत पाणी खाली दिसलं. त्याने अकरा मिनिटांत ज्योत बंद केली. नंतर कळलं की नळीतच क्षार साचले होते, आत पाणी भरपूर होतं. काम अर्धा दिवस फुकट थांबलं. त्याच्या फॉर्मावर मास्तरांनी लिहिलं, 'दक्ष. प्रसंगावधान राखले.' साहेबांनी एकही ठिपका दिला नाही.

या वर्षी वाफेवालीला पाणी खाली दिसलं. तिने नळी तपासली, पाणी आत ढकलणारा पंप पुन्हा लावून पाहिला आणि चौथ्या मिनिटाला ज्योत बंद केली. धोका खरा निघाला, पंप खरोखरच बंद पडला होता. काम अर्धा दिवसच थांबलं. मास्तरांनी तिच्या फॉर्मावर तेच शब्द लिहिले. लिहिताना त्यांचं काळीज संथ चालत होतं, म्हणजे मनापासून लिहीत होते.

साहेबांनी दोन ठिपके दिले.

"प्रसंगावधान कसलं मास्तर, घाबरली ती," साहेब म्हणाले. "दवाखान्याच्या चादरी अडकल्या त्या दिवशी. तिथे मला काय काय ऐकावं लागलं, तुम्हाला माहीत आहे?"

"पण साहेब, पंप खरंच..."

"नशिबाने निघाला तो बिघडलेला. बायकांचं असंच असतं, माझी बायको पाल दिसली तरी घर डोक्यावर घेते. लिहा, घाबरून निर्णय घेते, सुधारणा हवी."

मास्तरांचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आदळलं. 'सुधारणा हवी' हा शेरा तिला आधी दोनदा मिळाला होता. तिसऱ्यांदा मिळाला की बॉयलर काढून घेत आणि घड्यांच्या टेबलावर पाठवत. इतक्या वर्षांची मेहनत, परीक्षा, परवाना, सगळं जाणार होतं. वाटलं, आता तरी मास्तर बोलतील. त्यांनी मला खिशातून काढलं. 'दक्ष' मी खोडला. 'प्रसंगावधान' लांब शब्द, त्याला जास्त झिजलो. मग पेन चाललं.

फॉर्मावर ज्याची त्याची सही लागे, त्यासाठी तीन दिवस मिळत. वाफेवाली मास्तरांच्या केबिनमध्ये आली, उभ्यानेच वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"लंबूला किती मिनिटं लागली होती, मास्तर?"

"अकरा."

"त्याला काय लिहिलंत?"

"ते गोपनीय असतं, बाई."

"बरं." ती फॉर्म खाली ठेवत म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मग पुढच्या वेळी मी काय करू? पाणी खाली गेलं तर?"

मास्तरांनी पेन्सिल कानावर खोचली. "जरा दम धरा. बंद करण्याआधी मला विचारत जा."

"तोंडी? का लेखी?"

"लेखीच बरं. तुमच्यावर काही यायला नको."

हे ते तिच्या भल्यासाठीच बोलले, हो. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. तिने सही केली नाही. "बघते उद्या-परवा," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तिचाच फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. तेवढ्यात ती दारात आली. धावत आली होती, पण दारात येऊन थबकली. चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा.

"मास्तर, पाणी खुणेच्या खाली आहे. पंप पाणी घेत नाहीये. बंद करू?"

"करा की."

"लेखी द्या."

"अहो बाई, आधी बंद करा, मग लिहू."

"नाही मास्तर. तिसरा शेरा आहे माझा." ती हट्ट करत नव्हती, मित्रांनो. तिला बॉयलरची भीती होती आणि आमची भीती होती, आणि त्या घटकेला आमची भीती तिच्या पायात अडकली होती. भिंतीपलीकडून नणंदेचं हसू ऐकू येत होतं. कुणाची तरी थट्टा चालली होती तिकडे.

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको," ती म्हणाली. "पेनाने लिहा."

त्यांचं काळीज एक ठोका चुकलं. मी पाठीवर मोजला तो. त्यांनी पेन्सिल खिशात टाकली, पेन उघडलं, हाताखाली आला तो कागद ओढला आणि त्यावर आडवं-तिडवं लिहिलं, 'बॉयलर ताबडतोब बंद करा', खाली सही. कागद तिचाच फॉर्म होता. अक्षरं थेट शेऱ्यावरून गेली. 'घाबरून निर्णय घेते' यातलं एकही अक्षर आता वाचता येत नव्हतं.

ती पळाली. मास्तर मागोमाग. खिशात मी आणि पेन्सिल एकमेकांवर आपटत होतो. तिने ज्योत बंद केली. मोठा हुस्स आवाज झाला, मग शांतता. मास्तर भिंतीला टेकून खालीच बसले. पलीकडे नणंद अजून हसतच होती, तिला काही कळलंच नव्हतं.

दुपारी पंपवाला कारागीर आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि टोपी काढली. "अजून चार-पाच मिनिटं गेली असती ना..." एवढं म्हणून तो पाना शोधायला लागला. वाक्य त्याने पुरं केलं नाही, आणि आम्हीही कुणी त्याला ते विचारलं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी बॉयलरची वही उघडली. तिने तिथे नेहमीप्रमाणे वेळ नोंदवली होती. मागच्या वेळी चार मिनिटं, या वेळी सात. मास्तर त्या सातावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मधली तीन मिनिटं पंपाची नव्हती, बॉयलरची नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून लिहिलेल्या शेऱ्याची होती. पाप अर्धं माझं.

मग त्यांनी कोरा फॉर्म घेतला आणि कच्चा शेरा न लिहिता सरळ पेनाने लिहिलं, 'दक्ष. प्रसंगावधान राखले.'

साहेबांच्या खोलीकडे जाताना त्यांच्या काळजाने माझा पार ठेचा केला. दोनदा ते जिन्यातून मागे फिरले. तिसऱ्यांदा आत गेले.

"पेनाने का लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"पेन्सिल सापडली नाही," मास्तर म्हणाले. पेन्सिल माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

मग त्यांनी लंबूचा आदल्या वर्षीचा फॉर्म तिच्या फॉर्मशेजारी ठेवला आणि बॉयलरची वही उघडून दिली. "काम एकच आहे साहेब. त्याला दक्ष म्हटलं, तिला घाबरट म्हटलं. आता ती खरंच घाबरायला लागली आहे. बंद करण्याआधी माझ्या दारात येऊन उभी राहिली. हे मी लिहिलेलं, मीच भोगणार होतो. पलीकडे तीस जणी होत्या."

साहेबांनी वही मिटली. "तुम्ही आजकाल हळवे झालात, मास्तर."

"असेन. सही करा."

साहेबांनी खूप वेळ पेन फिरवलं. फॉर्म त्याच दिवशी वरच्या कचेरीत पाठवायचे होते. शेवटी केली सही. पण त्या वर्षी मास्तरांचा स्वतःचा फॉर्म आला, तेव्हा त्यावर होतं, 'भावनेच्या आहारी जातात.' त्यांनी तो शांतपणे वाचला. "बघ, एका ओळीत मला बायकांच्या रांगेत बसवलं," असं पेन्सिलीला की मला म्हणाले आणि हसले. काळीज मात्र हसत नव्हतं.

वाफेवालीने नवा फॉर्म वाचला.

"नंतर खोडणार तर नाही ना?"

"पेनाने लिहिलंय, बाई."

"आणि ते लेखी विचारायचं?"

"ते विसरा. मी चुकलो होतो."

तिने सही केली. बॉयलर तिच्याकडेच राहिला. पण तुम्हाला खोटं सांगत नाही, त्यानंतरही काचनळीत पाणी जरा हललं की ती आधी केबिनच्या दाराकडे बघते. अर्धा क्षणच, पण बघते. शेरा कागदावरून गेला, तिच्या मानेत राहिला. तो खोडणारा रबर अजून कुठल्या पट्टीतून निघालेला नाही.

मास्तर आता निवृत्त झाले. मी मात्र नव्या पाळीप्रमुखाच्या टेबलाच्या खणात आहे, टाचण्या आणि सुकलेल्या शाईच्या डबीजवळ. महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही, आणि एरवी मला याचं वाईट वाटलं असतं. पण वर्ष संपत आलं की फॉर्मांचा गठ्ठा येतो, खण उघडतो आणि मी कोपऱ्यात सरकून बसतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हाती कुणाच्या तरी कामाचा कागद येईल. तेव्हा शब्द लिहिण्याआधी एवढंच आठवून बघा, हेच काम दुसऱ्या कुणी केलं होतं तेव्हा त्याला आपण काय म्हटलं होतं. बेरीज चुकली, तारीख चुकली, तर मला जरूर बोलवा. उरलोय तेवढा आनंदाने झिजेन. कुणाचं चांगलं काम खोडायला मात्र बोलवू नका. मला नाही म्हणता येत नाही. माझी सगळी भीती तीच आहे.