कपाटात मावेल ते

दोरा होता. पांढरा, सुती, एका टोकाला बोट जाईल एवढी कडी करून गाठलेला – ओट्यावर चहाच्या डब्याला टेकून पडलेला. चष्मा नाकावर नीट बसवूनही तो त्या दोऱ्याकडे बघतच राहिला, कारण ही गाठ... ही गाठ या घरात यायचं काही कारणच नव्हतं. पुडा बांधायचा, उरलेल्या दोऱ्याची कडी करायची, गिऱ्हाइकाने ती बोटात अडकवून पुडा झुलवत घरी जायचं. त्याच्या पहिल्या दुकानात, जिथे दार पूर्ण उघडलं की फळीवर आपटायचं, तो ही गाठ डोळे मिटून मारायचा. रीळ डोक्यावर टांगलेलं आणि कात्री म्हणजे दात. मग फळ्या वाढल्या, दुकानं वाढली, गावोगावी एकसारख्या पाट्या लागल्या, आणि दोरा त्याने स्वतःच बंद केला. गिऱ्हाईक आपल्या हाताने उचलेल, आपल्या हाताने टोपलीत टाकेल, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पुढे त्याच लोकांनी त्याला भाषणं द्यायला बोलावलं.

"अगं, हा दोरा कुठला?"

बायको खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "कोपऱ्यावरच्या दुकानातला. असू द्या तिथेच, लागतो बांधाबांधीला."

"तिथून काय काय आणतेस?"

"नेहमीचंच. चहा, साबण... असंच काहीबाही."

नेहमीचंच! शब्द केवढासा, पण त्याला कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्याने खण उघडला. आत दोऱ्यांची गुंडाळी होती – एक नव्हे, चांगली मुठीत न मावणारी, वर्षानुवर्षं दोऱ्याला दोरा जोडत गुंडाळत आणलेली. चहाचा डबा उघडून त्याने नाक आत घातलं. डब्यावर त्याच्या दुकानाचं नाव, आत दुसऱ्याचा चहा. आणि रोज सकाळी हाच चहा पिऊन तो तृप्त होऊन म्हणत आला, आपल्या चहाला तोड नाही. आज सकाळीही म्हणाला होता. ती तेव्हा समोरच बसून बशी पुसत होती.

आणि आज संध्याकाळी समारंभ. आजपासून खुर्ची लेकीची. तो उठून बोलणार, आणि जे तो प्रत्येक दुकान उघडताना बोलत आला तेच बोलणार – आमच्या फळीवर जे जे आहे ते आधी आमच्या घरच्या कपाटात जाऊन आलेलं आहे. मग टाळ्या. ऑफिसात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं, एखादा नवा माल आला की पहिला प्रश्न, "वहिनींकडे पास झाला का?" वहिनी म्हणजे ही. जेवणं झाली की तो नमुने टेबलावर मांडून ठेवायचा. विचारायचा मात्र काही नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, म्हणून विचारू नका, बघा – हे त्याचं वाक्य नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. सकाळी जे कपाटात गेलेलं असेल ते पास, जे टेबलावर राहिलं असेल ते परत. भल्याभल्या कारखानदारांनी नाकदुऱ्या काढल्या, पण टेबलावर राहिलेली वस्तू त्याच्या फळीवर कधी चढली नाही.

"मग ते नमुने?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "टेबलावरचे. तू कपाटात ठेवायचीस ते."

"टेबल मोकळं करायला नको का? सकाळी पोरीला तिथेच अभ्यासाला बसायचं असायचं. मावेल ते आत टाकायची. नाही मावलं तर राहायचं बाहेर, मग तुम्हीच घेऊन जायचात."

"मावेल ते?"

"वरचा कप्पा केवढासा आहे, बघितला नाहीत का कधी?"

"आणि वास, चव... काही बघायची नाहीस?"

"काही काही तर मी उघडलंसुद्धा नाही हो," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तो स्टुलावर चढला. या वयात चढायला नको होतं, पण चढला. कप्प्यात हात उभा धरून बघितला – एक वीत, जेमतेम. आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळी दुकानं एकदम उभी राहिली, सगळ्या फळ्यांवर वीतभर उंचीची पाकिटं, वीतभर उंचीच्या बाटल्या, वीतभर उंचीचे डबे... छोट्या पाकिटांचा जादूगार म्हणून त्याचा फोटो छापून आला होता, जाणकारांनी त्यावर व्याख्यानं दिली होती, याला घराघरातली नस सापडली आहे म्हणून. कसली नस! सुताराने घाईघाईत ठोकलेला एक कप्पा! म्हणजे मी... इतकी वर्षं मी सुताराची चूक विकत आलो? त्याला हसू येईल असं वाटलं, आणि ते आलं नाही. बरं, लोकांनी तरी मुकाट्याने का घेतलं? सगळ्यांच्याच घरी कप्पे बुटके असतील का? की त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं?

"सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्ही विचारलंत कधी?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते त्याला फार लागलं. "नुसते बघत बसायचात माझ्याकडे. तो कोपऱ्यावरचा विचारतो तरी, काय हवंय म्हणून. मग सांगावंसं वाटतं काहीतरी." टोपली बाजूला सारून ती उठली. "खाली उतरा आधी, पडाल. आणि पाय मोकळे करायला जाणार असाल तर साबण आणा. संपलाय. मला न्हायचंय समारंभाच्या आधी."

फाटकाशी ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. त्याने हातानेच नको म्हटलं.

कोपऱ्यावरचं दुकान त्याने गाडीतून रोज पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. अरुंद, थोडं अंधारं, आणि दुकानदाराच्या डोक्यावर रीळ टांगलेलं. त्याची नजर सवयीने आत फिरली. मांडणी चुकलेली, उजेड कमी, समोरची जागा वाया घालवलेली... महिनाभरात बंद पडेल असं दुकान. हे वाक्यही त्याचंच, ठेवणीतलं. दुकान मात्र आपल्या जागी उभं होतं.

"काय हवंय, काका?"

तो दचकलाच. हा प्रश्न त्याला कुणी शेवटचा कधी विचारला होता ते आठवेना. "साबण."

"कुठला?"

हजारो वस्तूंचे भाव, वजनं, रंग ज्याच्या जिभेवर, त्याला घरातल्या साबणाचं नाव सांगता येईना. तिच्या केसांचा वास... ती न्हाऊन येते, खिडकीत उभी राहून केस पुसते, मी बाजूलाच पेपर वाचत असतो – आणि वास? त्याने मनाशी जोर लावून बघितलं. नमुन्यांचे वास आले, गोदामांचे आले, तिचा येईना.

"कुणासाठी हवाय?"

"घरी... बायकोसाठी."

"मग विचारून या की." दुकानदार हसला, पण कुचेष्टेने नव्हे. "मी आहे इथेच."

विचारून या. परत येताना तो पुटपुटत होता, तुला कुठला आवडतो, तुला कुठला आवडतो... शाळेतलं पोर उत्तर घोकत जातं तसा. खिशात फोन वाजत होता. लेकीचा असणार – बाबा, आईलाही स्टेजवर बोलवायचंय, दोन वाक्यं बोलेल का ती, विचारा ना. कालपासून तिचं हेच चाललं होतं, आणि तो कालपासून म्हणत होता, विचारायचं काय त्यात, बोलेल की. त्याने फोन वाजू दिला.

दार लोटलेलं होतं. आत ती टेबल आवरत होती. त्याच्या भाषणाचे कागद, चष्म्याचं घर, औषधाची बाटली – मावलं ते कपाटात जात होतं. शेवटी तिने त्याचा सकाळचा रिकामा कप उचलला, आणि तो दारातच थबकला.

कारण असाच एक कप होता. तिच्या वडिलांच्या घरी, दुपारची वेळ, तिचे वडील कुणाशी तरी बोलायला बाहेर गेलेले. दुकान काढतोय, असं असं करणार आहे, लग्न झालं की इकडेच राहू... सगळं तिच्यासमोर मांडून तो गप्प बसला होता, तिच्याकडे बघत. तिने काही न बोलता त्याचा रिकामा कप उचलला आणि आत नेला. आणि तो बाहेर जाऊन तिच्या वडिलांना आनंदाने सांगून आला होता – तिची पसंती आहे.

टेबल मोकळं करायला नको का?

"आलात?" तिने विचारलं. "मिळाला का साबण?"

घोकलेला प्रश्न ओठांवर होता, आणि त्याच्या मागे दुसरा, त्या दुपारी न विचारलेला, येऊन उभा राहिला होता. ती हातात कप घेऊन वाट बघत होती. जन्मभर माणसांच्या चेहऱ्याकडे बघून धंदा केलेल्या त्या माणसाला तिच्या चेहऱ्याकडे बघायची भीती वाटली.