चोवीस पट्ट्या

पलंगावर चोवीस पट्ट्या होत्या. साड्यांना लावायच्या सुती फॉलच्या, प्रत्येक दोन वीत लांब. बावीस धड होत्या, दोन कडेनं उसवलेल्या. शेजारी रुंद दातांचा कंगवा, तांब्याभर गाळलेलं पाणी आणि एका वाटीत साखरेचं पाणी. ऐश्वर्यानं सगळं पुन्हा एकदा मोजलं आणि आत्तीला, म्हणजे रत्नाबाईंना, पाटावर बसवलं.

"त्या वाटीत काय हाय?" रत्नाबाईंनी विचारलं.

"साखरपाणी. वाळलं की केसांवर थर बसतो, कुरळे मोडत नाहीत."

"व्हय? आणि मुंग्या?"

ऐश्वर्याचा हात थांबला.

"रातभर उशीला लागतील त्या. उद्या लोच करताना बोटाखाली चिरडतील. माझ्या कुरळ्यापायी त्यांचा जीव घेतीस व्हय?"

"मग ओतून येते."

"मोरीत ओतलंस तर मोरीला लागतील की. पिऊन टाक. दिवस मावळल्यावर न्हाई चालायचं, अजून टाईम हाय."

सूत तपासणीच्या लॅबमध्ये तीन वर्षं काढलेल्या ऐश्वर्यानं मुकाट्यानं वाटी तोंडाला लावली. फारच गोड होतं. रत्नाबाई हसल्या, आणि मग त्यांनी आपणहून केस पाठीवर मोकळे सोडले.

रत्नाबाई ऐश्वर्याच्या वडिलांची थोरली बहीण. उद्या त्या जैन साध्वीची दीक्षा घेणार होत्या. सकाळी नवरीसारखं नटवून त्यांची मिरवणूक निघणार होती, मग मांडवात सगळ्यांसमोर त्या लोच करणार, म्हणजे डोक्यावरचा केस न् केस हातानं उपटणार, पांढरं लुगडं नेसणार आणि साध्वींच्या संघाबरोबर चालत निघणार होत्या. या घरात पुन्हा राहायला येणार नव्हत्या.

ऐश्वर्या चार वर्षांची असताना तिची आई गेली. रत्नाबाई त्याआधीच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. राजारामपुरीतल्या एका जिन्याखाली त्यांनी फॉल-पिकोचं मशीन टाकलं आणि त्या मशीनवर ऐश्वर्याचं एम.एस्सी. पूर्ण झालं. या बाईला काय द्यायचं, या विचारानं ऐश्वर्याला महिनाभर झोप लागली नव्हती. साडी दिली तर ती उद्या सोडायची. घड्याळ, चप्पल, भांडं, सगळंच सोडायचं. शेवटी तिला शाळेचं गॅदरिंग आठवलं. दरवर्षी आदल्या संध्याकाळी आत्ती तिला अशीच पाटावर बसवायची आणि उरलेल्या फॉलच्या पट्ट्यांवर तिचे केस गुंडाळायची. सकाळी वर्गात तिच्याइतके कुरळे केस कुणाचे नसायचे. आत्तीचे स्वतःचे मात्र कायम तेल लावून चापूनचोपून घातलेल्या अंबाड्यात.

आज केस धुतलेले होते, तेलाचा थेंब नव्हता. ऐश्वर्यानं एक बट घेतली, पाण्याच्या हातानं ओलसर केली, टोकाशी पट्टी धरून मुळापर्यंत गुंडाळत नेली आणि गाठ मारली.

"पाण्यानंच वळतात व्हय?"

"ओल्या केसातली जुनी पकड सुटते. वाळताना जसा धरून ठेवू तसा तो बसतो."

"आणि परत पाणी लागलं की?"

"परत सरळ."

"उद्यापर्यंत टिकलं म्हंजे झालं. हात हलका हाय गं तुझा."

"तुझ्याकडूनच शिकला."

जयपाल, ऐश्वर्याचे वडील, मांडवाकडून परत आले ते दारातच थबकले. बहिणीच्या डोक्यावर पांढऱ्या गाठींचं शेत उगवलेलं.

"आक्का, ह्या वयात कुरळं? मिरवणुकीत लोक वळखायचे न्हाईत तुला."

"तू वळखलंस की बास."

"अगं, उद्या दुपारी उपटायचेच हाईत न्हवं?" ते मुलीकडे वळले. "कशापायी एवढा खटाटोप?"

ऐश्वर्यानं पुढची बट हातात घेतली. रत्नाबाईच म्हणाल्या, "सोडायचं म्हंजे आदी जवळ असाय नको? पिकल्या अंबाड्याला काय सोडायचं? तो मला आवडतच न्हवता."

जयपाल पलंगाच्या कडेला टेकले आणि उरलेल्या पट्ट्या एकेक करून मुलीच्या हातात देऊ लागले.

सकाळी गाठी सोडल्या. उसवलेल्या दोन पट्ट्यांच्या गाठी रात्रीच सैल झाल्या होत्या, तिथले केस ढिले पडले. बाकीचे बावीस झुपके स्प्रिंगसारखे उसळून खांद्यावर आले. रत्नाबाईंनी आरसा मागितला. बराच वेळ बघितलं, एक बट ओढून सोडली, ती परत वर गेली. पुन्हा ओढून सोडली.

"गॅदरिंगला तू अशीच दिसायचीस," त्या म्हणाल्या आणि आरसा परत दिला.

रथातून जाताना त्या मान हलवत होत्या. कुरळे उडतात का ते बघायला, हे फक्त ऐश्वर्याला कळलं.

मांडवात त्यांनी केस निसटू नयेत म्हणून बोटांना राख लावली. ऐश्वर्या आणि जयपाल दोन्ही बाजूंनी पांढरं फडकं धरून उभे राहिले. पहिली बट कपाळावरची. कपड्यावर पडली तीही वळलेलीच. रत्नाबाईंचा चेहरा मशीनवर दोरा ओवताना असायचा तसा होता, एकाग्र आणि निवांत. फडक्याला हळूहळू वजन येत गेलं. जयपालांच्या बाजूनं फडकं खाली झुकलं तेव्हा ऐश्वर्यानं त्यांच्याकडची दोन टोकंही आपल्या हातात घेतली.

पांढऱ्या लुगड्यात त्या बसल्यावर ती पाया पडायला वाकली. 'आत्ती' ओठावर आलं होतं. "माताजी," ती म्हणाली. माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

केस जयपालांनी वाहत्या पाण्यात सोडले.

सोमवारी इचलकरंजीच्या लॅबमध्ये ॲप्रन घालताना ऐश्वर्याला बॅगेच्या पट्ट्याला अडकलेला एक केस दिसला. वरचा अर्धा पांढरा, खालचा काळा. दिवसभर ती सुताच्या धाग्यांची लांबी मोजायची, आधी सैल, मग ताणून. तिनं चिमट्यानं केस काळ्या पाटीवर ठेवला आणि शेजारी मोजपट्टी लावली.

सैल लांबी साडेअडतीस सेंटिमीटर. ताणून सरळ केल्यावर एकसष्ट. चिमटा सोडला तसा तो परत वळला.