बेटावरच्या पलटणीचा खर्च

पलटण परत आणायची, हे लंडनात पाच महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. घोडं अडलं होतं जहाजाच्या भाड्यावर. लष्कर खातं म्हणे, बेट वसाहत खात्याचं, खर्च त्यांनी करावा. वसाहत खातं म्हणे, शिपाई तुमचे, तुम्हीच न्या. दोन कचेऱ्यांच्या मध्ये एक रस्ता होता. तो ओलांडायला फायलीला आठवडेच्या आठवडे लागत, आणि परत येताना तिच्यावर एक नवा नकार असे.

लष्कर खात्याचे नकार हॉरेस टिडमार्श लिही. त्याची एकुलती लेक लव्हिनिया त्याच बेटावर होती. पलटणीच्या डॉक्टरच्या मुलांना शिकवायला म्हणून गेली आणि पलटणीतल्याच एका शिपायाशी लग्न करून बसली. पावसाळा लागला की बेटावर ताप येई. गेल्या खेपेला अर्धी वस्ती त्यानं नेली. यंदाच्या पावसाआधी पोरगी घरी यावी, एवढंच हॉरेसला हवं होतं. तरी दर खेपेला वळणदार अक्षरात तो तिला आणण्याचा खर्च नाकारत बसे. सुरुवातीला लिहिताना ती आठवे. पुढे तेही थांबलं.

"टिडमार्श, आता पुरे झालं बुवा," एकदा त्याचे साहेब गॅस्कॉइन म्हणाले. "मंत्रीसाहेब माझ्यावर डाफरतात. काढा काहीतरी तोड."

"साहेब, खरा वाद एकाच कलमाचा आहे. कर्नलच्या परवानगीशिवाय ज्यांनी लग्नं केली, त्यांच्या बायकांचं भाडं. नियमानं त्या कोणाच्याच नाहीत. तेवढं गाळलं तर बाकीचं निम्मं निम्मं वाटून घेतील."

"आणि त्या बायका?"

"त्यांचं मागाहून बघता येईल."

"अहो, मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसला होता का?"

हॉरेसनं कलमावर रेघ ओढली. त्यात आपली लेक असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. तिचं लग्न चर्चमध्ये, पाद्र्यासमोर झालेलं, परवानगी असणारच. जहाज लगेच सुटलं. साहेबांनी त्याला स्वतःच्या खर्चानं बिअर पाजली, आणि त्या खर्चावर मात्र कोणी वाद घातला नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी दार वाजलं. लाल कोटातला एक शिपाई खांद्यावर पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या मागे कोणी नव्हतं.

"मी सायलस. तुमचा जावई."

"लव्हिनिया कुठंय?"

"तिकडेच. चढूच दिलं नाही तिला. कर्नल हो म्हणेना, म्हणून आम्ही लग्न तसंच उरकलं होतं." त्यानं टोपी काढली. "पाऊस सुरू झाला होता हो. इथल्या कचेरीत कोणीतरी म्हणे अशा बायकांचं कलमच खोडलं. कोण तो हरामखोर?"

आपल्याला रडू येईल, असं हॉरेसला वाटलं. आलं नाही. त्यानं जावयापुढे खुर्ची सरकवली, पाव कापला, चहा ओतला.

"मीच," तो म्हणाला.

सायलसनं पाव बाजूला सारला.

"धक्क्यावरून ती ओरडून सांगत होती," तो म्हणाला, "घाबरू नकोस, बाबा त्याच कचेरीत आहेत, ते बघतील. आता तुम्हीच कळवा तिला."