शेरभर धारोष्ण

आमच्या घरात दूध सकाळी सात वाजता सुरू होतं आणि पावणेआठला रिक्षावाले हॉर्न वाजवतात तेव्हा संपतं. संपतं म्हणजे वेळ संपते. दूध तसंच असतं.

दोन मुलं, दोन स्टीलचे पेले. क्रांती आठ वर्षांची आहे, ती दुधाशी वाद घालते. राजवर्धन पाच वर्षांचा आहे, तो दुधाकडे बघून नुसता रडतो. माझी बायको अस्मिता पहिली दहा मिनिटं लाडात घालवते, पुढची दहा कॅल्शियमवर बोलते आणि मग माझ्याकडे बघते. मी त्या वेळी पेपर वाचत असतो. पेपरात विशेष काही नसतं, पण तो मोठा असतो आणि त्याच्यामागं अख्खा माणूस मावतो.

शेवटी माझी आई देवघरातून बाहेर येते.

"तुमचा बाप तुमच्याएवढा असताना रोज सकाळी गंगावेशीत जाऊन शेरभर धारोष्ण दूध प्यायचा. उभ्यानं. साखर न्हाई, काय न्हाई. त्याला कधी कोण म्हटलं नाही, बाबा पी."

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या असतात. गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. तो तिथंच, म्हशीच्या अंगची ऊब त्यात आहे तोवर प्यायचा. आईच्या सांगण्यात हा सुरुवातीला एकच ग्लास होता. मी दहावी झालो तेव्हा त्याचा अर्धा लिटर झाला, माझ्या लग्नात पाहुण्यांना सांगताना शेर झाला, आणि राजवर्धनच्या बारशापासून त्यात दोन कच्ची अंडीही पडू लागली. मी हे कधी खोडलं नाही. कबूलही केलं नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. गप्प राहणं हा आमच्या विषयात कामाचा भाग धरतात.

खरी गोष्ट अशी, की मी कट्ट्यावर एक थेंबही प्यालेलो नाही. आबा, म्हणजे माझे वडील, मला सायकलच्या नळीवर बसवून तिथं न्यायचे. ग्लास समोर आला की मी म्हशीच्या पलीकडे जायचो. आबा थोडा वेळ वाट बघायचे, मग तो ग्लास स्वतःच पिऊन टाकायचे आणि उरलेला फेस बोटानं माझ्या वरच्या ओठाला लावायचे. घरी दारात आई माझी मिशी बघायची आणि समाधानानं आत जायची. असं दोन वर्षं चाललं. आबांना दूध फार आवडतं असा माझा समज होता, आणि आपल्यामुळं त्यांना रोज एक ग्लास मिळतो याचा थोडा अभिमानही. घरी मात्र ते कोरा चहा प्यायचे. ते त्यांचं तत्त्व असावं असं मी धरून चाललो. एसटीत कंडक्टर होते, मुरगूडच्या गाडीवर. कंडक्टर माणसाला एखादं तत्त्व असतं.

आबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यामुळं या प्रकरणाला साक्षीदार उरला नाही, असं मला वाटत होतं.

गेल्या शनिवारी क्रांतीनं पेला बाजूला सरकवला.

"पप्पा, तुम्ही खरंच शेरभर प्यायचा?"

"आजी सांगत्या न्हवं."

"आजी सांगत्या ते रोज ऐकते. तुम्ही सांगा."

मी पेपर उलटला.

"उद्या रविवार आहे," अस्मिता गॅसपाशी उभी राहून म्हणाली. तिच्या आवाजात मला आनंद ऐकू आला. "जावा की तिघं. दाखवा पोरांना कसं पितात ते."

क्रांतीनं तिथल्या तिथं करार मांडला. पप्पा सगळ्यांसमोर शेरभर प्याले, तर ती आणि राजवर्धन रोज न कुरकुरता पिणार. नाही प्याले, तर या घरात दूध फक्त चहात. आई म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच व्हय?" आणि माझ्या वतीनं तिनं मान्य करून टाकलं.

प्रश्न दुधाचा नव्हता. मला पोहता येत नाही हे क्रांतीला मे महिन्यात कळलं. सायकलचं पंक्चर काढता येत नाही हे जूनमध्ये. पाढे तेराच्या पुढं अडखळतात हे तर तिनं स्वतःच शोधून काढलं. बाप म्हणून मिरवण्यासारखं माझ्याकडं आता तेवढं शेरभर दूध उरलं होतं.

रविवारी सकाळी सहाला आम्ही कट्ट्यावर पोचलो. वासावरनं जागा ओळखू आली. शेण, ओली वैरण आणि ताजं दूध. माझा पाय आपोआप म्हशीच्या पलीकडच्या बाजूला वळला, तो मी परत आणला.

पहिल्याच म्हशीपाशी एक म्हातारा गवळी उकिडवा बसला होता. डोक्याला टॉवेल, गुडघ्यांत चरवी. बाजूचं गिऱ्हाईक त्याला गुंडूमामा म्हणत होतं.

"या पावणं. किती?"

"पोरांना एकेक ग्लास. आणि मला..." मी क्रांतीकडं बघितलं.

"शेरभर," क्रांती म्हणाली.

गुंडूमामाचा हात थांबला नाही, पण मान वर आली. "शेरभर? ह्यास्नी?" त्यानं मला पायापासून वर बघितलं आणि परत खाली बघितलं. "कुठं तर बघितलंय तुमास्नी. नाव काय म्हणायचं?"

"दत्तप्रसाद."

"वडील?"

"एसटीत होते. कंडक्टर."

"मुरगूड गाडीचं आबा?" चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज बंद झाला. "अरं तिच्या! मग तू म्हशीमागचा की रं!"

त्या आवाजाला अख्ख्या कट्ट्यानं माना वळवल्या. गुंडूमामाला गोष्ट हळू सांगता येत नाही. कोल्हापुरात ती सोय नाही.

"ह्यो! ह्यो एवढासा हुता. गलास बघितला की सुटलाच म्हशीच्या पलीकडं. दोन वर्सं आला, पर ह्याचं तोंड मी बघितलं न्हाई, नुसतं पाय बघितलं. आमची म्हस बी वळखायची ह्याला. दुसऱ्या कुणाला मागं उभं ऱ्हाऊ द्यायची न्हाई, ह्याला द्यायची."

लोक हसले. एक पैलवान तोंडातला फेस सांडेपर्यंत हसला. मी म्हशीच्या शिंगाकडं बघत होतो. क्रांती माझ्याकडं बघत होती.

"मग ह्यांचं दूध कोण प्यायचं?" तिनं विचारलं.

"आबा प्यायचं की. आन त्या माणसाला तर दूध बिलकूल सोसायचं न्हाई."

"कुणाला?" हे मी विचारलं.

"तुझ्या बाला! सोतासाठी कधी गलास घेतला न्हाई त्येनं. तुझा राहिला की नाक धरून प्यायचा. मी म्हणायचो, आबा, द्या टाकून. तर म्हणायचं, काढलेली धार टाकायची न्हाई आन माघारी चरवीत वतायची न्हाई, तुमचाच नेम हाय गुंडू. प्यायचं, घरला जायाचं, मग डुटीवर. आन कागलच्या अलीकडं गाडी थांबायची."

"का?" राजवर्धननं विचारलं.

"का म्हंजे? कंडक्टर टमरेल घिऊन उसात!"

पैलवानाला बसावं लागलं.

"डायवर हितंच दूध प्यायला यायचा, त्यो सांगायचा. म्हणायचा, गुंडू, ह्याचं पोरगं पैलवान व्हईल का न्हाई म्हाईत न्हाई, पर माझी गाडी रोज धा मिन्टं लेट हाय."

"दोन वर्षं?" मी म्हणालो.

"दोन वर्सं. मी म्हटलं, आबा, आणताय कशाला पोराला? तर म्हणालं, पोरगं काटकुळं हाय, त्येच्या आईला घोर लागलाय. पितंय म्हटल्यावर ती दोन घास नीट जेवती. जेवू दे."

मुरगूडच्या गाडीतले ते सगळे प्रवासी, धोतरं, पाट्या, कोंबड्या, कागलच्या अलीकडं रोज दहा मिनिटं माझ्यामुळं खोळंबलेले, मला एकदम दिसले. आणि उसातून परत येऊन, काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं घंटीची दोरी ओढणारे आबा.

गुंडूमामानं दोन ग्लास भरून मुलांसाठी कट्ट्यावर ठेवले आणि शेराचं माप हातात घेतलं. "मग? तुमचं काढू?"

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं. पंक्चरच्या दिवशी बघितलं होतं तसं नव्हे. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "नको. त्यांचं राहू दे."

मग तिनं आपला ग्लास उचलला. बहुधा विषय बदलावा म्हणून. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला, आणि बघता बघता ग्लास उपडा केला.

"आणखी एक," ती म्हणाली.

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी दूध मागितलं होतं. गुंडूमामालाही ते लक्षात आलं असावं, त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

दुसरा ग्लास कट्ट्यावर तसाच होता. फेस हळूहळू बसत होता. राजवर्धन कुठंच नव्हता.

मी खाली वाकलो. म्हशीच्या चार पायांच्या पलीकडं दोन निळ्या चपला दिसल्या, एकीचा पट्टा सुटलेला. तिकडून काय दिसतं हे मला माहीत होतं. म्हशीचं पोट दिसतं, आणि पोटाखालून बापाचे पाय. ते पाय आता आपल्याकडं येतात का, एवढंच बघायचं असतं.

मी पाय हलवले नाहीत. ग्लास घेतला, नाक धरलं आणि प्यालो.

चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. गवळी समाजाशी आमचे संबंध चांगले आहेत. एवढंच सांगतो, की शेवटच्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचं कारण मी त्या वेळी दुधावर ढकललं. ग्लासाच्या तळाशी फेस राहिला होता. तो बोटावर घेतला आणि म्हशीच्या पलीकडं गेलो. म्हशीनं जाऊ दिलं.

राजवर्धननं न सांगता ओठ पुढं केला.

स्कूटरवर क्रांती माझ्या पाठीला चिकटून बसली होती. रंकाळ्याच्या वळणावर ती कानाशी म्हणाली, "पप्पा, घरात मी सांगते. तुम्ही पेपर वाचा."

दारात आई उभीच होती. मागं अस्मिता, चेहऱ्यावर निकालाची उत्सुकता.

"प्याली का पोरं?"

राजवर्धननं मिशी दाखवली. आईनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

"आणि पप्पा?" अस्मितानं विचारलं.

"शेरभर," क्रांती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. राज्यशास्त्राला तिचा प्रवेश निश्चित आहे. "उभ्यानं. आणि गुंडूमामा म्हणाले, रोज या. मला कट्ट्यावरचंच पाहिजे. राजवर्धन पण येणार. उद्यापासून."

"उद्यापासून?" मी म्हणालो. सोमवारी माझं पहिलं लेक्चर साडेआठला असतं. कॉलेजच्या वाटेवर ऊस नाही.

"करार म्हणजे करार," अस्मिता म्हणाली आणि चहा ओतायला गेली.

"माझा कोरा दे," मी म्हणालो.

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मोठ्या कौतुकानं तिनं माझ्याकडं बघितलं.

"आबांचंच रक्त. त्यांचं पण असंच. गंगावेशीतनं आले की कोराच मागायचे. म्हणायचे, दूध झालंय आता पोटभर, आणखी नको." तिनं क्रांतीच्या पाठीवर हात ठेवला. "दूधवेडे बघ दोघंही."

"हो आजी," क्रांती म्हणाली.

मी पेपर उघडला, मग तसाच मिटून घाईनं संडास गाठला.