लाल नाडीचं कपाट

थांबा, मित्रांनो! हँडलला हात लावण्याआधी तुम्ही कोण, कशासाठी आलात ते सांगा. रागावू नका. मी एक जुनं सरकारी कपाट आहे आणि संशय हा आता माझा स्वभावच झाला आहे. तीस वर्षं मी कराच्या कचेरीत काढली. तिथे राहून कोण भोळं राहील?

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, बिजागऱ्या ठोकल्या. रंगारी ब्रश धुता धुता म्हणाला, "हे सरकारात चाललंय, एकच हात पुरे." माणसांवरचा माझा विश्वास तिथूनच उडायला लागला.

कचेरीत मला दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ उभं केलं. माझ्या पोटात लोकांच्या फायली असत. कोण किती कमावतो, कोणाला भाडं येतं, कोणी बायकोच्या नावावर काय घेतलं, सगळं मला ठाऊक! साधी फाइल पांढऱ्या नाडीने बांधायची आणि संशयिताची लाल नाडीने, अशी तिथली पद्धत होती. लाल नाडी दिसली की साहेब फाइल उघडतसुद्धा नसत, सरळ नोटीस धाडत. मोठे साहेब मला थोपटून पाहुण्यांना सांगायचे, "आपली खरी ताकद या कपाटात आहे." मी फुगून जायचो. आता सांगायला लाज वाटते.

लाल नाडीतली एक फाइल कुलूपवालीची होती. कचेरीमागच्या गल्लीत ती कुलपं विकायची, किल्ल्या करून द्यायची. तीन वर्षं तिला नोटिसांवर नोटिसा गेल्या. एकदा कचेरीतली दोन माणसं तिच्या घरी जाऊन गाद्या उसवून आली आणि माझ्यासमोर चहा पीत ते हसत हसत सांगत बसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, कोण जाणे! तिचे वडील म्हणजे निवृत्त मास्तर, तिच्याकडेच राहायचे. "सरकार उगाच कोणाच्या दारात येत नाही," एवढंच बोलून त्यांनी पिशवी भरली आणि ते मुलाकडे राहायला गेले. फायली बांधणाऱ्या शिपाईकाकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता.

मग काळ फिरला. निवडणूक झाली आणि नवा कायदा आला. उत्पन्नावरचा कर बंद! आता कर फक्त विकत घेतलेल्या वस्तूवर, साऱ्या देशात एकसारखा. कचेरीतल्या रेडिओवर पुढारी गरजत होते, "तुम्ही किती कमावता हे विचारायचा सरकारला यापुढे हक्क नाही. तुमच्या घरात खुपसलेलं सरकारचं नाक आम्ही कापलंय!" कारकुनांची पाचावर धारण बसली. मला मात्र शंका आली. एवढ्या मोठ्या नाकाचा मालक गप्प बसेल होय? सगळ्या जुन्या फायली ठरलेल्या दिवशी नष्ट करायच्या, असंही कायद्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो दिवस उजाडला आणि नेमकी माझी किल्ली सापडेना. शोधाशोध झाली, एकमेकांवर खापर फोडून झालं. शेवटी शिपाईकाका मागच्या गल्लीत धावले आणि कुलूपवालीलाच घेऊन आले. तिने दोन मिनिटांत मला उघडलं. वरच्याच कप्प्यात स्वतःचं नाव दिसलं, तशी तिने ती फाइल बाहेर ओढली. लाल नाडीचा अर्थ साऱ्या गल्लीला ठाऊक होता.

"काका, मला लाल नाडी का? मी काय केलं होतं?"

"तुला खोटं कशाला सांगू, पोरी," शिपाईकाका म्हणाले. "त्या आठवड्यात पांढरी नाडी संपली होती. मीच बांधली लाल. नंतर बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं."

तिने फाइल वाचायला घेतली. चौकशी करणाऱ्याने शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'हिशेब चोख. काहीही आढळले नाही.' तारीख दोन वर्षांपूर्वीची! पण नाडी लालच राहिली, म्हणून नोटिसाही चालूच राहिल्या.

"साहेब, एवढं पान मला द्या. बाबांना दाखवते. ते घरी परत येतील."

"नाही देता येणार, बाई. कायद्याने आजपासून या फायली नाहीतच."

"नाहीतच ना? मग मी नेलं तर काय नेलं?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. तिने पान काढून पिशवीत ठेवलं.

पुढे मी भंगारात निघालो. तिनेच मला विकत घेतलं, वर माझ्यावर नवा करही भरला! दुकानात पहिले काही महिने बरे गेले. मग एक तरुण अधिकारी आला. फार गोड बोलला. "ताई, तुमची कमाई नाही हं विचारत आम्ही. फक्त कोणी कोणतं कुलूप नेलं ते बिलावर लिहा. मोठं कुलूप नेणाऱ्याचा पत्तासुद्धा." घ्या! मोठं कुलूप कोण नेतो, म्हणजे पैसा कोणाकडे आहे, हे न कळायला मी काय काल रंगवलेलं कपाट आहे? पूर्वी वर्षातून एकदा विचारायचे, आता दर खरेदीला विचारतात. ती बिलं माझ्याच पोटात येऊन पडली.

गेल्या रविवारी वडील आले. बरेच निरोप धाडल्यावर आले. तिने खुर्ची पुसून दिली आणि ते पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, उलटं करून बघितलं, उजेडात धरलं.

"शिक्का कुठाय?"

"कचेरीच बंद झाली, बाबा. शिक्का कुठून आणू?"

"मग हे कोणीही लिहिलेलं असू शकतं."

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर?"

पान गल्ल्यावर ठेवून वडील पायऱ्या उतरले. मला इतका राग आला, पण मी पडलो कपाट!

मित्रांनो, मला रंग लावा, तेल घाला, असं मी मागत नाही. एकच मागतो. घरच्या माणसाबद्दल शंका आली तर त्याला समोर बसवा, पाणी द्या आणि विचारा. हजारो लोकांच्या फायली मी सांभाळल्या. त्यांतल्या एकालाही असं कोणी विचारलेलं मी बघितलं नाही.

ते पान आता माझ्या वरच्या कप्प्यात आहे. ती दुकान बंद करताना बाकी सगळं दोन-दोनदा ओढून बघते, तेवढा एक कप्पा उघडा ठेवते. न जाणो, ती नसताना बाबा त्यांच्याकडची जुनी किल्ली घेऊन आले तर!